सोयाबीनचं वाण बदलावं की फवारे वाढवावे? पेरणीच्या आधीच विचारतोय

मांजराकाठ
राम राम मंडळी. पेरणीच्या आधीच विचारून ठेवतो, ऑगस्टात विचारून कोणाचं भलं झालंय. रान लातूर-कळंब रस्त्याच्या अंगाला, चार एकर काळं भारी अन् तीन एकर माळाचं मुरमाड. वडिलांपासून जेएस ३३५ हे वाण पेरत आलोत, बी घरचंच. पण गेली काही वर्षं कधी सगळं रान पिवळं पडायलंय, कधी ऐन शेंगा भरायच्या टायमाला झाडं उभी वाळायलेत. शेजारच्या भाऊनं केडीएस ७२६ धरलंय, तो म्हणतो याला रोगच येत नाही, बुरशीनाशकाचं पाकीट सुद्धा फोडावं लागत नाही. दुकानदार म्हणतो वाण कुठलंबी पेरा, तीन फवारे मारल्याबिगर सोयाबीन पदरात पडत नाही. आता दोघांपैकी कोणाचं ऐकावं? ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी सांगावं, यूट्यूबवरचं सांगू नये.

सोयाबीनवाला
दोघांचंबी ऐकू नका. एकाला बियाणं विकायचंय अन् दुसऱ्याला औषध.

वसमतकर
शेजाऱ्याला कामून बियाणं विकायचं असंल हो?

मांजराकाठ
विकतोय की. दर वर्षी घरचं ७२६ तोच देतो गावात, तेबी बाजारभावापेक्षा वर.

सोयाबीनवाला
बघा. बसल्या जागी ओळखलं.

माळरान
आमचं गाव अंबाजोगाईच्या पलीकडं, सगळं हलकं रान. ७२६ पेरून बघितलं. पीक दिसायला देखणं, शेंगा भरपूर, दाणा टपोरा, यात वाद नाही. पण शंभर दिवसांच्या वर जातं ते. आमच्याकडं पाऊस गणपतीत गेला की गेला, मग मुरमाड रानात शेवटच्या दाणा भरायच्या वक्ताला पाण्यावाचून टाचतं. अन् रान उशिरा मोकळं झालं की हरभऱ्याची पेर लांबती, ओल उडून जाती. भारी रानाला, एखादं पाणी द्यायची सोय असंल तर ७२६ सारखं वाण नाही. माळाला पेरायचं असंल तर सत्तर वेळा विचार करा.

तेरणाकाठ
माळरान मामा बरोबर. आमच्याकडं काळ्या रानात ७२६ अन् वरच्या पट्टीला एमएयूएस १५८ असं चाललंय. पण ७२६ दाट पेरू नका. ते पसरतं, फांद्या फुटतात, ३३५ च्या मापानं एकरी तीस किलो टाकलं तर ऑगस्टच्या शेवटी आत माणूस शिरत नाही, फवारा खालच्या पानापर्यंत पोचत नाही अन् मग आत ओलाव्यात बुरशी. आम्ही टोकणच करतो, म्हणजे अंतर ठेवून हातानं बी लावतो.

कृष्णाकाठ
मी सांगलीकडचा, पण बायकोचं माहेर निलंग्याचं त्यामुळं तुमचा हा भाग बघत असतो. केडीएसची वाणं आमच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातली. तिथं तांबेरा, म्हणजे पानावर तपकिरी पुटकुळ्या आणणारा बुरशीचा रोग, इतका येतो की नाजूक वाण टिकतच न्हाई, त्यामुळं त्या रानात जे टिकलं ते निवडत निवडत ही वाणं झाली. फुले अग्रणी म्हणजे ३४४, फुले संगम म्हणजे ७२६, फुले किमया ७५३, फुले दुर्वा ९९२. आमच्याकडं ३३५ ला सप्टेंबरात तांबेरा लागला की आठवड्याभरात पानं गळून नुसत्या काड्या उभ्या राहायच्या. ७२६ आल्यावर तो ताप बराच कमी झाला. तरी वातावरण बिघडलं की एक फवारणी आम्ही अजूनही करतो. "पाकीट फोडावं लागत नाही" असं आमच्या गावात कुणी म्हणत न्हाई.

परभणी_ताई
कृष्णाकाठ यांनी मुद्द्याचं लिहिलं. मी परभणीला वनस्पती रोगशास्त्रात शिकलेय, आता घरची शेती बघते. मांजराकाठ दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे रोग एकाच पोत्यात भरलेत. रान पिवळं पडणं एक, झाडं उभी वाळणं दुसरं. आणि ७२६ ची ख्याती आहे तिसऱ्याच रोगासाठी, म्हणजे तांबेऱ्यासाठी. तुमच्या रानात तांबेरा येतो का हे तुम्ही लिहिलंच नाही. आपल्या मराठवाड्यात तो सांगली-कोल्हापूरइतका नसतो. शेजारच्या भाऊंना "रोगच येत नाही" असं वाटत असेल तर त्यांना एवढंच विचारा, कुठला रोग?

वाणाला प्रतिकारक म्हणतात ते त्या त्या रोगापुरतं. तांबेऱ्याला तग धरणारं वाण पिवळ्या मोझॅकपुढं लोळण घेऊ शकतं. आणि मोझॅक हा विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. त्यावर कुठलंही बुरशीनाशक मारा, दुकानातलं सगळ्यात महागडं मारा, शून्य उपयोग.

वसमतकर
ताई, मग दुकानदार पिवळं पडल्यावर बुरशीनाशक कामून देतो?

सोयाबीनवाला
कारण ते शिल्लक राह्यलेलं असतं.

दुकान_आमचंच
लगेच दुकानदारावर घसरले सगळे. माझं कृषी सेवा केंद्र आहे, नाव सांगत नाही नाहीतर उधारीवाले इथं पण सापडतील. गिऱ्हाईक येतं, मोबाईलवर फोटो दाखवतं, फोटो उन्हात काढलेला, त्यात सगळंच पिवळं दिसतं. म्हणतं "काहीतरी स्ट्राँग द्या". मी जर म्हणलं की आता फवारू नका, रोगट झाडं उपटा, तर बाजूच्या दुकानात जातं अन् तिथून कीटकनाशक, बुरशीनाशक, १९:१९:१९ चं खत अन् वरून टॉनिक असं चार डब्यांचं कॉकटेल घेऊन येतं. पानं करपली की मग परत माझ्याकडं. शेतकऱ्यानं झाड उपटून पिशवीत आणलं तर निदान बोलता तरी येतं.

माळरान
हे मात्र खरं हाय. चार औषधं एका पंपात कालवणारे आमच्या गावात रग्गड. एकानं मारलं अन् दुसऱ्या दिवशी पानाच्या कडा भाजल्यावानी झाल्या, तर गडी म्हणला "औषध लागू पडायलंय".

मांजराकाठ
ताई, आमच्याकडं पिवळं पडतं ते पेरणीनंतर महिनाभरात पण पडतं अन् फुलात असताना पण. दोन्ही मोझॅकच का?

परभणी_ताई
नाही, बहुतेक वेळा दोन वेगळी कारणं असतात. झड लागून रानात पाणी साचलं, जमीन चुनखडीची असली, की कोवळी वरची पानं पिवळी होतात पण शिरा हिरव्याच राहतात. ती लोहाची कमतरता. उघडीप मिळाली, कोळपणी झाली, वापसा आला की बरंच पीक आपोआप हिरवं होतं, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी. मोझॅकचं पान असं एकसारखं पिवळं नसतं. त्यावर गर्द पिवळे आणि हिरवे धब्बे एकमेकांत मिसळलेले असतात, शिरांचा हिशेब नसतो, पान जरा आखडतं. आणि रान एकदम पिवळं होत नाही. आधी इथं एक झाड, तिथं दोन झाडं दिसतात.

ती पहिली दोन-चार झाडं दिसली की उपटून पुरायची, बांधावर फेकायची नाहीत. पिवळे चिकट सापळे लावायचे. आणि पांढरी माशी आवरायची. त्यासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ॲसिटामिप्रीड २५ टक्के अधिक बायफेन्थ्रीन २५ टक्के एकरी १०० ग्रॅम आहे, किंवा थायमिथोक्झाम अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन एकरी ५० मिली. सगळं रान पिवळं झाल्यावर हे मारून फायदा नाही, विषाणू आत गेलेला असतो.

देगलूरचा_इंजिनिअर
पण ताई वाणानं हा प्रश्न सुटत नाही का? मध्य प्रदेशात मोझॅकला प्रतिकारक वाणं आलीत ना, जेएस २०-२९ वगैरे.

परभणी_ताई
आहेत. २०-२९ ही त्यातलीच. ३३५ मात्र मोझॅकला सहज बळी पडतं. ते वाण जबलपूरहून १९९४ मध्ये आलं, इतकी वर्षं सगळीकडं तेच पेरलं गेलं, रोगाला कायम ओळखीचं घर मिळालं. पण कुठलंही प्रतिकारक वाण कायमचं तसं राहत नाही. जेएस ९५-६० चं बघा, लवकर येतं म्हणून मध्य प्रदेशात सगळे त्याच्यामागं लागले आणि पुढं मोझॅकनं तेच सगळ्यात जास्त घेरलं.

वसमतकर
म्हणजे मोबाईलसारखं हाय, दर दोन वर्षांनी नवं मॉडेल.

दुधनाकाठ
थोडं विषयाबाहेरचं, पण वाणानं रोग हटतो याचं आपल्या घरचं उदाहरण तुरीचं आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं तुरीचं वाण बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ आलं तेव्हा आमच्या जालन्यात मर अन् वांझ या दोन रोगांनी तूर सोडून द्यायची वेळ आली होती. वांझ म्हणजे झाड हिरवंगार वाढतं, फुलच लागत नाही, एक बारीक कोळी तो रोग पसरवतो. त्याला कुठं न् काय फवारणार? वाणच बदलावं लागलं. आता बीडीएन ७११ पांढरी अन् ७१६ लाल हीच जास्त दिसते. तर मांजराकाठ भाऊ, सोयाबीनमध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, टाकता का नाही?

मांजराकाठ
टाकतो, चार तास सोयाबीन अन् एक तूर. ७११ च हाय.

सोयाबीनवाला
तूर आली, आता कापूस पण येऊ द्या. धागा गेला.

तेरणाकाठ
परत वळतो. उभी झाडं वाळतात त्याचं कोणी बोललं नाही. २०२३ ला ऑगस्टात पाऊसच नव्हता, देशात १९०१ पासूनच्या नोंदीत एवढा कोरडा ऑगस्ट नाही असं हवामान खात्यानंच सांगितलं होतं. त्या वर्षी आमच्याकडं जागोजागी पट्टे वाळले, नंतर सप्टेंबरात पाऊस आला अन् सगळं रान पिवळं-तांबडं झालं. लोकांनी पाऊस आल्यावर बुरशीनाशकाचे फवारे मारले. वाळलेलं झाड काही उठलं नाही.

परभणी_ताई
ते चारकोल रॉट असणार. वाळलेलं झाड उपटा, जमिनीलगतच्या खोडाची साल नखानं सोला. आत राखाडी रंगावर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके पसरलेले दिसले, कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे, की समजायचं. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी आहे, जमिनीत वर्षानुवर्षं राहते. पाणी भरपूर असेल तोवर ती गप्प बसते, ताण पडला आणि ऊन तापलं की मुळातून वर चढते. म्हणून ती हलक्या रानात आणि पावसाच्या खंडात दिसते. मुळात बसलेल्या बुरशीला पानावर फवारून काय होणार?

वसमतकर
मग फेरपालट करायची. सोयाबीनवर सोयाबीन घेऊ नका, ज्वारी घ्या.

परभणी_ताई
वसमतकर भाऊ, रब्बी ज्वारीला खडखड्या होतो ना? दाणे भरायला लागले की ताटं पोकळ होऊन लोळतात, हलवलं की वाजतात. तो याच बुरशीचा. तिला चालणारी पिकं पाचशेच्या वर आहेत. फेरपालट करा जरूर, इतर रोगांना आणि जमिनीला चांगलीच आहे. या बुरशीवर त्यापेक्षा जास्त चालतं ते रानात ओल धरून ठेवणं, शेणखत, आणि पेरताना बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी. रुंद वरंबा सरीवर पेरलं तर झडीत पाणी निघून जातं आणि खंडात सरीत मुरलेलं पाणी कामाला येतं.

माळरान
खडखड्या अन् हे एकच? पन्नास वर्षं शेती करायलोय, हे कोणी सांगितलं नव्हतं. पोरी, तुझे आभार.

देगलूरचा_इंजिनिअर
मी फवारणीच्या बाजूनं बोलतो, सगळे तिच्या विरोधात चाललेत. मागच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ ला, आपल्याकडं जी अतिवृष्टी झाली त्यात ज्यांचं रान वाहून गेलं त्यांचा प्रश्नच वेगळा. पण आमच्याकडं जे उभं राहिलं त्यात शेंगांवर काळे-तपकिरी चट्टे अन् आतला दाणा बुरसटलेला. ज्यांनी शेंगा लागताना एक फवारा मारला होता त्यांचा दाणा बरा होता. हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग फवारणी फुकट कशी?

परभणी_ताई
फुकट कोणी म्हटलं? शेंगा करपा, पानावरचे ठिपके, झाडाचा मधला भाग ओला-तपकिरी होऊन जाळ्या धरतो तो रायझोक्टोनियाचा करपा, आणि तांबेरा, या चारींना बुरशीनाशक काम करतं. शिफारशीत टेब्युकोनॅझोल १० टक्के अधिक सल्फर ६५ टक्के हे १० लिटरला २५ ग्रॅम, किंवा टेब्युकोनॅझोल २५.९ टक्के १२.५ मिली, किंवा पायराक्लोस्ट्रोबीन अधिक इपॉक्सिकोनॅझोल १५ मिली असं आहे. यातलं एकच, सगळी मिळून नाही. हे हातपंपाचं माप आहे, एकरी दोनशे लिटर पाणी धरून. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं म्हणून तिथं दर पंपाला औषध तिप्पट, नाहीतर एकरी मात्राच पूर्ण पडत नाही.

दुकान_आमचंच
ही शेवटची ओळ फ्रेम करून दुकानात लावतो. निम्मी लोकं "औषध डुप्लिकेट निघालं" म्हणून भांडायला येतात अन् विचारलं तर पेट्रोल पंपाला हातपंपाचं माप टाकलेलं असतं.

सोयाबीनवाला
अन् उरलेल्या निम्म्यांचं?

दुकान_आमचंच
उरलेल्या निम्म्यांनी उधारी दिली की सांगतो.

कृष्णाकाठ
तांबेरा ओळखायची आमच्याकडची रीत सांगून ठेवतो, लातूर-निलंग्याच्या खालच्या अंगाला ढगाळ सप्टेंबरात कधीमधी उपयोगाला येईल. वरची पानं बघू नका, ती शेवटी खराब होतात. वाकून खालचं पान तोडा, पालथं करा. बारीक फुगीर तपकिरी पुटकुळ्या दिसतात. पांढऱ्या रुमालावर घासा, विटकरी भुकटी उठली तर तांबेरा. ठिपके असूनही रुमाल कोरा राहिला तर दुसरं काहीतरी. एक-दोन झाडांवर सापडला त्या दिवशी फवारायचं, रविवारची वाट बघायची न्हाई. अन् नोझल पानाच्या खालून मारा. निम्मं औषध वरच्या पानावरून ओघळून मातीत जातं.

देगलूरचा_इंजिनिअर
तांबेऱ्यावरून आठवलं, ब्राझीलमध्ये हा रोग २००१ ला सापडला. एवढा माजला की त्यांनी कायदाच केला, वर्षातून ६० ते ९० दिवस रानात सोयाबीनचं जिवंत झाड ठेवायचं नाही, आपोआप उगवलेलं सुद्धा उपटायचं. कारण तांबेऱ्याला जगायला हिरवं झाडच लागतं. अन् तिथं एकाच गटाची बुरशीनाशकं दर वर्षी मारून मारून ती लागू पडेनाशी झाली, आता जुनं मॅन्कोझेब परत जोडीला घ्यावं लागतंय.

माळरान
ब्राझीलचं सोडा, आपल्याकडं उन्हाळी सोयाबीन सुरू केलंय लोकांनी. जून ते मे बारा महिने सोयाबीन हिरवं.

तेरणाकाठ
मामा, उन्हाळी आम्ही घेतो अन् त्याचं कारण आहे. खरिपाच्या मळणीत पावसानं भिजलेलं बी उगवत नाही. बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग, भिजली की खेळ खल्लास. उन्हाळ्यातलं बी कोरडं, चकचकीत. एका वर्षी आमच्या पट्ट्यात विकतचं बी उगवलं नाही, दुबार पेरणी झाली, तेव्हा ज्यांच्याकडं उन्हाळी बी होतं तेच तरले.

परभणी_ताई
तेरणाकाठ, बियाचं तुमचं म्हणणं मान्य. पण पांढऱ्या माशीला मार्च-एप्रिलमध्ये हिरवं रान तुम्हीच देता, आणि जूनमध्ये ती विषाणू घेऊन शेजारच्याच्या कोवळ्या पिकावर जाते. मोझॅक टाळायच्या शिफारशीत उन्हाळी सोयाबीन टाळा असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

तेरणाकाठ
मग बी आणायचं कुठून? शिफारस लिहिणाऱ्यानं त्याचंबी लिहावं.

वसमतकर
+१

माळरान
हे भांडण मिटणार नाही. माझं म्हणणं, घ्यायचंच असंल तर गावात एका शिवारात सगळ्यांनी मिळून घ्यावं अन् पांढऱ्या माशीवर डोळा ठेवावा. प्रत्येकानं आपापल्या विहिरीपाशी दहा गुंठे लावले की सगळं गाव माशीचं माहेर.

परभणी_ताई
बियाचा विषय निघालाच आहे तर. मोझॅक आणि तांबेरा बियातून येतात म्हणून घरचं बी सोडायची गरज नाही, एक माशीनं येतो, दुसरा वाऱ्यानं. पण शेंगा करप्याची बुरशी आणि चारकोल रॉटची बुरशी बियाबरोबर येऊ शकते. बी निवडताना ताटात पसरून बघा. डोळ्याभोवती जांभळट डाग पडलेलं, सुरकुतलेलं, काळपट बी बाजूला काढा. मग गोणपाटावर उगवण बघा, शंभरातले सत्तर तरी उगवले पाहिजेत. आणि बीजप्रक्रिया. कार्बोक्सिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम, किंवा पेनफ्लुफेन अधिक ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबीन किलोला १ मिली. खोडमाशी आणि सुरुवातीच्या पांढऱ्या माशीसाठी थायमिथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम हे जिवाणू खत अगदी शेवटी पेरणीच्या तोंडावर, सावलीत. चोळू नका, सोयाबीनचं टरफल पातळ असतं, हलक्या हातानं खालीवर करा. पुढचे दोन फवारे मारायला पैसे असतात आणि या एका कामाला वेळ नसतो.

माळरान
ताई, रायझोबियम अन् बुरशीनाशक एकत्र कसं चालंल? बुरशीनाशकानं ते मरणार नाही का?

परभणी_ताई
म्हणूनच शेवटी, आणि लावलं की लगेच पेरायचं. रात्रभर लावून ठेवलं तर जिवाणू राहत नाहीत. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, तिचं तर अजिबात जमत नाही. रासायनिक बुरशीनाशक लावणार असाल तर ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून रानात टाका.

सोयाबीनवाला
एवढं सगळं करून सोयाबीन विकायचं किती रुपयांनी? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ अन् आमच्याकडनं व्यापाऱ्यानं घेतलं त्याच्या हजारानं खाली, वरून ओल जास्त हाय म्हणून कट्टी. औषधवाला ओल बघत नाही.

वसमतकर
अन् एक रुपयातला पीकविमा पण गेला. आता हप्ता भरा.

सोयाबीनवाला
एक रुपया होता तेव्हा कुठं घर भरलं.

देगलूरचा_इंजिनिअर
भाव पडलाय म्हणूनच विचारायचंय की किती फवारे परवडतात. मला वाटतं ठरवून तीन मारण्यात अर्थ नाही, पण शेंगा लागताना एक ठेवावा.

परभणी_ताई
मी तोही ठरवून मारत नाही. ऑगस्ट कोरडा असेल तर बुरशीनाशक वाचवते, ते पैसे तुषार सिंचनाच्या डिझेलला लागतात. झड लागली, पीक दाटलं, शेंगा धरायला लागल्या आणि खालच्या पानांवर डाग दिसले, की मारते. दुसरा लागलाच तर आधीच्या गटातलं औषध परत घेत नाही. एकदा ट्रायझोल, म्हणजे टेब्युकोनॅझोलचा गट, एकटं मारलं असेल तर पुढच्या खेपेला स्ट्रोबिल्युरीन, म्हणजे पायराक्लोस्ट्रोबीनचा गट. डब्यावरची कंपनी बदलली आणि आतलं औषध तेच, असं करू नका, घटकाचं नाव वाचा.

कृष्णाकाठ
आमच्याकडं ताईंचं हे चालणार न्हाई हं. आमच्याकडं डाग दिसायची वाट बघितली तर उशीर होतो. तुमच्या हवेला ठीक.

परभणी_ताई
बरोबर, म्हणून तर म्हणते सांगलीचं वेळापत्रक लातूरला आणू नका.

घेवडा_राजमा
नमस्कार, धागा वाचला, छान माहिती. आम्ही केजकडं रब्बीत राजमा करतो, त्याच्या पानावर पण तांबूस पुटकुळ्या येतात. सोयाबीनचाच तांबेरा का?

परभणी_ताई
राजम्याचा नेहमीचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा. पुटकुळी घासली की विटकरी भुकटी त्यातही उठते, त्यामुळं रुमालानं फरक कळणार नाही. सोयाबीनसाठी सांगितलेली औषधं तशीच राजम्यावर मारू नका, लेबलवर पीक बघा. वेगळा धागा काढा, इथं हरवेल.

मांजराकाठ
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. शेजाऱ्याला विचारलं "कुठला रोग येत नाही", तर म्हणला "कुठलाच नाही". मग त्याच्या जुन्या काडाच्या ढिगातली चार खोडं सोलून बघितली, दोनात काळे ठिपके होते. त्याला दाखवले तर म्हणतो ती उन्हानं काळी पडली.

आता माझं असं ठरायलंय. काळ्या चार एकरात ७२६, पण टोकण करून, बी कमी. माळाच्या तीन एकरात परभणीचं एमएयूएस ६१२, पंचाण्णव दिवसांच्या आसपास निघतं म्हणतेत, तेबी वरंब्यावर. ३३५ बंद. बीजप्रक्रिया सगळ्याला. फवारा बघून. ताई, काही चुकतंय का?

परभणी_ताई
७२६ शेजाऱ्याकडून घेणार का? खोडात ठिपके निघालेल्या रानातलं बी नको.

मांजराकाठ
नाही नाही. ते मागवतोय. प्रश्न ६१२ चा हाय. १८ मे ला परभणीच्या कृषी विद्यापीठात मिळतं ना?

दुधनाकाठ
मिळतं, १८ मे विद्यापीठाचा वर्धापन दिन, खरीप मेळावा असतो अन् त्याच दिवशी विक्री सुरू. पण रांग लई मोठी. सातबारा अन् आधारची झेरॉक्स जवळ ठेवा, मागतील तर असावी.

वसमतकर
सकाळी किती वाजता पोचावं?

सोयाबीनवाला
सकाळी? लोक आदल्या रात्रीच सतरंजी टाकतात.

मांजराकाठ
मग वसमतकर भाऊ, १७ ला संध्याकाळी परभणी स्टँडवर भेटू. तुमच्या दोन बॅगा माझ्या गाडीत बसतील, जेवणाचा डबा तुमच्याकडं.